सेंटर फॉरवर्डला चुकू द्या

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर आजचा विषय ‘मुंबईचा सेंटर फॉरवर्ड कुठे गेला?’ असा छापला आहे. सेंटर फॉरवर्ड म्हणजे फुटबॉलमध्ये अगदी पुढे, गोलसमोर खेळणारा, ज्याने गोल करायचे असतात तो. त्या प्रश्नाचं माझं उत्तर तयार आहे आणि ते मी देणार आहे. पण फुटबॉलपटू नेव्हिल डिसूझाबद्दल बोलल्याशिवाय मला तिथे पोचता येत नाही.

आधी एक विचारतो. हॉकीतले बलबीर सिंग ज्यांना माहीत आहेत त्यांनी हात वर करा. छान, जवळजवळ सगळं सभागृह. आता नेव्हिल डिसूझा? मागच्या रांगेत थोडे हात दिसताहेत, आणि मला खात्री आहे की ती मंडळी वांद्र्याहून आली आहेत. हसू नका, खरं निघेल ते! पण बघा, दोघंही एकाच, १९५६च्या ऑलिंपिकला गेले होते. एकाच मेलबर्नमध्ये, एकाच आठवड्यात दोघं खेळत होते. दोघांपैकी मुंबईचा कोण? नेव्हिल. आणि आपल्याच शहरात त्याच्या नावाला इतके थोडे हात वर होतात.

नेव्हिलचा जन्म १९३२चा, बार्देशातल्या आसगावचा. आज आसगाव म्हटलं की लोकांना महागडी हॉटेलं आणि बंगले आठवतात. तेव्हा गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता आणि तिथल्या घराघरांतून कुणी ना कुणी मुंबईला येत होतं. खलाशी, आचारी, शिंपी, वाजवणारे. धोबीतलावच्या आसपास त्यांच्या गावागावांच्या कुडी होत्या. एका खोलीत रांगेने पेट्या, वर तसबिरीपुढे दिवा, बोटीवरून उतरलेला माणूस पुढची बोट मिळेपर्यंत तिथे राहायचा. या गोंयकारांनी मुंबईला संगीत दिलं हे आपण मान्य करतो. फुटबॉल दिला, हे मात्र विसरतो. १९५४-५५ साली मुंबईने पहिल्यांदा संतोष करंडक, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकला, त्या संघात नेव्हिल होता. तो टाटा स्पोर्ट्स क्लबचा खेळाडू. हे टाटांचं नाव लक्षात ठेवा, मला त्याकडे परत यायचं आहे.

आता मेलबर्न. १ डिसेंबर १९५६, समोर यजमान ऑस्ट्रेलिया, जिंकेल तो उपांत्य फेरीत. नवव्या मिनिटाला आपला कर्णधार समर बॅनर्जी, ज्याला सगळे बद्रू म्हणत, त्याचा फटका गोलच्या चौकटीवर आदळून परत आला आणि नेव्हिलने तो डोक्याने आत घातला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला उजवीकडून पी. के. बॅनर्जींचा क्रॉस आला आणि नेव्हिलने पुन्हा गोल केला. मध्यंतराआधी मॉरोने पुन्हा बरोबरी केली. पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलचा तिसरा. नंतर किट्टूने चौथा टाकला आणि सामना ४-२ असा आपला झाला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य फेरीत पोचलेला भारत हा पहिला आशियाई संघ.

यातला पहिला गोल मला सगळ्यात जास्त आवडतो. लोक म्हणतात, चेंडू समोर येऊन पडला, नशीब! नशीब नव्हे. बद्रूने फटका मारला त्या क्षणी बचावपटू चेंडूकडे बघत उभे राहतात. तो आत जातोय की बाहेर, एवढंच ते बघतात. गोलकीपरने झेप घेतलेली असते, तो सावरून उठेपर्यंत वेळ जातो. आणि सेंटर फॉरवर्ड? तो फटका बसायच्या आधीच पळायला लागलेला असतो. चेंडू परत येईल असं गृहीत धरून पळतो. बहुतेक वेळा चेंडू येत नाही. तो जाळ्यात जातो, बाहेर जातो, गोलकीपर धरून ठेवतो, आणि याचं धावणं फुकट. तरी पुढच्या वेळी तो पुन्हा पळतो. एका सामन्यात असं कितीदा तरी होतं आणि ते कुणालाच दिसत नाही. वर्तमानपत्रात येतो फक्त तो एक गोल. मोठा सेंटर फॉरवर्ड म्हणजे फुकट धावायला न कंटाळणारा माणूस, असं माझं ठाम मत आहे. आजच्या सगळ्या बोलण्याचा पाया हाच आहे.

पण तिथे पोचण्याआधी माझी एक जुनी तक्रार आहे, ती ऐकून घ्या. १९५६चा विषय काढला की कुणीतरी लगेच म्हणतं, “अहो, पहिल्या फेरीत हंगेरी आलीच नाही, आपल्याला पुढे चाल मिळाली.” हो, मिळाली! त्या नोव्हेंबरात बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले होते आणि हंगेरीच्या फुटबॉल संघाने माघार घेतली. तो त्या देशावर कोसळलेला घाला होता, त्यात आपला काय दोष? आणि ऑस्ट्रेलियाला चार गोल घातले ते काय पुढे चाल मिळाली म्हणून? त्याच स्पर्धेत युगोस्लाव्हियाने अमेरिकेला ९-१ हरवलं, बल्गेरियाने ग्रेट ब्रिटनला ६-१. अशा मैदानावर आपण चौथे आलो. आणि आपलं चौथं येणं हाच एक अपघात होता असं आपणच जगाला सांगत फिरतो! दुसऱ्या कुणी आपल्या खेळाडूला इतकं कमी लेखलं असतं तर आपण मोर्चा काढला असता.

उपांत्य सामना घ्या. समोर युगोस्लाव्हिया. चारच वर्षांपूर्वी, १९५२ला, हेलसिंकीत याच युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं होतं. त्यानंतर आपले खेळाडू बूट घालायला लागले आणि संघाची घडी बसवली सय्यद अब्दुल रहीम यांनी. रहीमसाहेब हैदराबादचे, मूळचे शिक्षक. चेंडू पायात धरून न ठेवता लगेच पुढे द्यायचा, हे अंगवळणी पडावं म्हणून ते ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवायचे. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीसने १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं आपल्या कुपरेज मैदानावर येऊन मुंबईचा रोव्हर्स कप नेला. मुंबईला हे माहीत असायला हवं, कारण मुंबईच्या खेळाडूंची ती शाळाच होती. समोर उभं राहून मार खात शिकण्याची शाळा!

तर मेलबर्नला मध्यंतरापर्यंत ०-०. बावन्नाव्या मिनिटाला गोल झाला आणि तो भारताचा होता. कुणाचा? बरोबर, तुम्ही ओळखलंत. दोन मिनिटं, मंडळी, दोन मिनिटं भारत ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाच्या पुढे होता. नंतर त्यांनी बरोबरी केली, आघाडी घेतली आणि शेवटी आपण ४-१ हरलो. हरलोच, ते मी लपवत नाही. पण १०-१ वरून चार वर्षांत इथपर्यंत! नंतर ब्राँझसाठीच्या सामन्यात बल्गेरियाकडून ०-३. स्पर्धेत भारताचे एकूण गोल पाच आणि त्यातले चार नेव्हिलचे. सर्वाधिक गोलांच्या यादीत तो युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांच्या बरोबरीने पहिला. तेव्हा वय चोवीस.

मग त्याचं नाव का राहिलं नाही? याची एक बाजू अगदी साधी आहे. ब्राँझचा सामना ७ डिसेंबरला झाला. त्याच्या आदल्या दिवशी हॉकीत आपण पाकिस्तानला १-० हरवून सुवर्णपदक घेतलं. सुवर्णपदक आणि तेही पाकिस्तानविरुद्ध! दुसऱ्या दिवशी चौथ्या क्रमांकाची बातमी कोण वाचणार? त्या हॉकीपटूंबद्दल मला आदरच आहे, त्यांच्यावर राग नाही. राग आहे तो नंतरच्या वर्षांवर. १९६१ला अर्जुन पुरस्कार सुरू झाला. फुटबॉलचा पहिला पी. के. बॅनर्जींना, पुढच्या वर्षी तुलसीदास बलरामला. दोघंही मेलबर्नच्या संघातले आणि दोघंही त्या मानाचे धनी. नेव्हिलला तो कधीच मिळाला नाही. १९८० साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. ज्याने ऑलिंपिकमध्ये पहिल्या क्रमांकाचे गोल केले त्याला देशाने एक साधा पुरस्कार देऊ नये, याचं मला आजही वाईट वाटतं आणि आज इथे उभं राहून ते बोलून दाखवावंसं वाटतं.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटं. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता दहा मिनिटांत! ठीक आहे, भरभर सांगतो, तुम्ही सांभाळून घ्या.

नेव्हिल टाटांकडून खेळायचा असं मी म्हटलं. त्या काळची मुंबईतली मोठी नावं बघा. टाटा, कॅलटेक्स, बर्मा शेल, रेल्वे, नंतर मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया, महिंद्रा. सगळे कंपन्यांचे संघ. १९५८चा रोव्हर्स कप कॅलटेक्सने घेतला, १९६५चा मफतलालने. या संघात पोराला नोकरी मिळायची. पगार फार नसेल, पण महिन्याच्या महिन्याला यायचा. त्याचा खेळाशी काय संबंध? फार मोठा. सेंटर फॉरवर्डचा वाईट काळ ठरलेला असतो. पाच-सहा सामने गोल होत नाही. बचावपटूची चूक झाकली जाते, मधल्या फळीतल्या हाफची चूक कुणी मोजत नाही, सेंटर फॉरवर्डची चूक मात्र सगळं मैदान बघतं. अशा वेळी ज्याची नोकरी पक्की आहे तो पुढच्या सामन्यातही फुकट धावायला तयार असतो. ज्याचं पोट पुढच्या करारावर आहे तो धावत नाही, तो चेंडू शेजारच्याला देऊन मोकळा होतो. मुंबईतल्या नोकरीने खेळाडूला चुकायची मुभा दिली होती. माझं उत्तर एवढंच आहे.

मग ही व्यवस्था गेली. गिरण्या बंद पडल्या, कंपन्यांनी क्रीडा भरती आवरली. रोव्हर्स कप २००१ नंतर झालाच नाही. महिंद्रा युनायटेडने २००६ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०ला संघ गुंडाळला. आज मुंबई सिटी आहे, दोनदा इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल जिंकलेला संघ, मी आनंदाने बघतो. पण २०१४ पासून २०२५ पर्यंतच्या अकरा हंगामांत आयएसएलमध्ये सर्वाधिक गोल करणारा प्रत्येक वेळी परदेशी होता. एकदाही भारतीय नाही. क्लबला हा हंगाम जिंकायचा असतो, पोरगा तयार होईपर्यंत थांबायला कुणाकडे वेळ आहे? म्हणून गोलसमोरची जागा परदेशी खेळाडूला आणि आपला पोरगा विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आघाडीला खेळला, क्लबांमध्ये मात्र तो बहुतेक विंगवर दिसला. परिणाम काय? भारताचा सेंटर फॉरवर्ड सुनील छेत्री जून २०२४ला राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला आणि मार्च २०२५मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याला पुन्हा बोलवावं लागलं. आला आणि मालदीवविरुद्ध गोलही केला. छेत्रीला माझा सलाम. पण एकशे चाळीस कोटींच्या देशात त्याच्या जागी उभा राहील असा एक माणूस नव्हता.

आणि हे क्लबपासून सुरू होत नाही, शाळेपासून होतं. मी एका आंतरशालेय सामन्यात पाहिलंय. बारा-तेरा वर्षांच्या पोराने समोरून गोल चुकवला. सरांनी त्याला लगेच बाहेर काढलं, रागावले आणि पुढच्या सामन्यात बॅकला, म्हणजे बचावात टाकलं. पोरगा चांगला पळत होता, योग्य जागी पोचला होता, म्हणून तर चुकवायची संधी मिळाली! जो तिथे पोचलाच नाही त्याला कुणी रागावलं नाही. त्या पोराने पुन्हा कधी गोलसमोर धाव घेतली असेल का?

वेळ संपली, हे दिसतंय मला. दोन गोष्टी मागतो आणि थांबतो. पहिली, चौदा वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये असा नियम करा की आघाडीच्या खेळाडूला गोल चुकवला म्हणून त्या सामन्यात बदलता येणार नाही. दुखापत झाली तरच. दुसरी, कुपरेजवरच्या शालेय स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्याला द्यायच्या चषकाला नेव्हिल डिसूझाचं नाव द्या. चषकाचा खर्च मी करतो. शालेय स्पर्धा भरवणाऱ्या समितीतले दोघं समोरच बसले आहेत, तिसऱ्या रांगेत. त्यांनी प्रश्नोत्तरं झाल्यावर कृपया लगेच निघून जाऊ नये.