शिआन: तटाच्या आत, तटाच्या बाहेर

(दृश्य: घंटामनोऱ्याभोवतीचा चौक, फिरती वाहतूक)

चीनमधल्या शिआनच्या जुन्या, तटबंदीच्या आतल्या भागात रस्ता चुकणं तसं अवघड आहे. चौदाव्या शतकातला हा घंटामनोरा मधोमध उभा आहे. त्याच्यापासून चार दिशांना चार रस्ते निघतात आणि तटाच्या चार दरवाजांना जाऊन भिडतात. २ नंबरची मेट्रो यातल्या उत्तर-दक्षिण रस्त्याखालूनच धावते. त्यामुळे मुक्काम शक्यतो तटाच्या आत किंवा दक्षिण दरवाजाजवळ ठेवावा. स्वस्तात मिळालं म्हणून लांबच्या उपनगरात घेतलेलं हॉटेल रोजचा तास-दीड तास खातं.

हेच जुनं छांगआन, थांग राजवटीची (सातवं ते दहावं शतक) राजधानी. तेव्हाचं शहर आजच्या तटाच्या आतल्या भागाच्या जवळपास सातपट होतं.

निघण्याआधीची थोडी कामं. चीनमध्ये चहावालासुद्धा क्यूआर कोड पुढे करतो, म्हणून अलीपे किंवा वीचॅट या पैसे भरण्याच्या अ‍ॅपला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड घरी असतानाच जोडावं. बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो आणि तिकडे रोमिंग बंद असेल, तर गाडी तिथेच अडते. सुट्टे युआन थोडे जवळ ठेवावेत. व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल हॉटेलच्या वाय-फायवर चालत नाहीत. भारतीय सिमच्या रोमिंगवर बहुधा चालतात. तिकिटं पासपोर्ट क्रमांकावर निघतात, त्यामुळे मूळ पासपोर्ट रोज खिशात हवा आणि क्रमांकातला एकही आकडा चुकता कामा नये. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा आणि मे महिन्याचे पहिले पाच दिवस टाळाच. अख्खा चीन तेव्हा सुट्टीवर असतो.

(दृश्य: तटावरून जाणाऱ्या सायकली)

हा तट मिंग काळातला, १३७० ते १३७८ दरम्यान बांधलेला. उंची १२ मीटर, वरची रुंदी १२ ते १४ मीटर, पूर्ण फेरी १३.७ किलोमीटर. दक्षिण दरवाजातून वर चढलं की सायकली भाड्याने मिळतात. फेरीला दीड ते दोन तास लागतात. वरची फरसबंदी विटांची आणि खडबडीत आहे, हँडल सारखं थरथरतं आणि मनगटं भरून येतात. म्हणून सीट आणि ब्रेक तपासल्याशिवाय सायकल घेऊ नये. सावली जवळपास नाहीच. उन्हाळ्यात दुपारी वर जाण्यात शहाणपण नाही, संध्याकाळी पाचनंतरची वेळ धरावी. अर्ध्यात दमलात, तर दुसऱ्या दरवाजापाशीही सायकल परत देता येते.

(दृश्य: खड्डा क्रमांक १, सैनिकांच्या रांगा)

आता मातीचे सैनिक. शहराच्या पूर्वेला, लिंथोंगमध्ये, साधारण ३५ ते ४० किलोमीटरवर. १ नंबरच्या मेट्रोने पूर्वेकडच्या शेवटच्या स्टेशनवर उतरून ९ नंबर पकडायची, ह्वाछिंग उष्ण झऱ्यांच्या स्टेशनवर उतरायचं आणि पुढे बस. रस्त्यात कोणी 'थेट नेतो, तिकिटासह' म्हणालं तर नको म्हणावं. या रस्त्यावर नकली सैनिकांची प्रदर्शनं आहेत, आणि तिथे नेऊन सोडल्याच्या तक्रारी जुन्या आहेत.

मार्च १९७४ मध्ये विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्यांना इथे मातीच्या मूर्तींचे तुकडे लागले. इसवीसनपूर्व २१० मध्ये वारलेल्या छिन शी ह्वांग या पहिल्या सम्राटाच्या थडग्याची ही राखण. सैनिक उत्खननाच्या तीन खड्ड्यांत आहेत. बहुतेक गट थेट पहिल्या खड्ड्यात घुसतात. आमचं मत उलटं: आधी तिसरा, मग दुसरा, शेवटी पहिला. तिसरा खड्डा लहान आहे, ती सैन्याची मुख्य छावणी असावी असं मानतात. पहिला २३० मीटर लांब. तो आधी पाहिला की बाकीचे दोन फिके वाटतात.

दुसऱ्या खड्ड्याच्या दालनात काचेच्या पेटीत गुडघा टेकून बसलेला धनुर्धारी आहे. इथे घाई करू नका. मागच्या बाजूला जा आणि त्याच्या उजव्या पायाचा जोड्याचा तळवा बघा. शिवणीचे टाके ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले आहेत: चवड्याला आणि टाचेला दाट, मधे विरळ. झीज जिथे होते तिथे टाके दाट. मातीत पुरायच्या मूर्तीच्या तळव्यावर एवढी मेहनत! हा बसलेला म्हणून वाचला. खड्ड्यांवर लाकडी तुळया, चटया आणि मातीचं छत होतं. ते जळून, कुजून खाली कोसळलं आणि उभे सैनिक फुटले.

पहिल्या खड्ड्याच्या मागच्या टोकाला डागडुजीची जागा दिसते. पट्ट्यांनी बांधलेली धडं, क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावलेले तुकडे. दिसतोय तो मातकट रंग मूळचा नव्हे, सगळे सैनिक रंगवलेले होते. रंगाखाली लाखेचा थर होता. उत्खननात बाहेरची कोरडी हवा लागली की तो काही मिनिटांत सुरळी होऊन रंगासकट गळून पडे. सम्राटाचं मुख्य थडगं अजून उघडलेलं नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. १९८० साली सापडलेले कांस्याचे दोन रथ, खऱ्या आकाराच्या निम्मे, आता खड्ड्यांपाशी नसून सम्राटाच्या थडग्याच्या टेकडीजवळच्या वेगळ्या संग्रहालयात आहेत. तिकीट तेच, मोफत बसही आहे. परतीच्या गर्दीत शिरण्याआधी ती बस विचारून घ्या.

(दृश्य: महान रानहंस पॅगोडा, दक्षिणेचा चौक)

दक्षिण चौकातला हा पुतळा मराठी माणसाला परका वाटू नये. युआन श्वांग, चिनी बौद्ध भिक्खू. सातव्या शतकात तो महाराष्ट्रात येऊन गेला. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याचं वर्णन करताना इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, असं त्याने नोंदवलं. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचंही वर्णन त्याच्या वृत्तांतात आहे. अभ्यासकांच्या मते ते अजिंठा. ६४५ मध्ये तो ६५७ बौद्ध ग्रंथ घेऊन छांगआनला परतला, आणि ते जपून ठेवण्यासाठी ६५२ मध्ये हा विटांचा पॅगोडा उभा राहू लागला. आज सात मजले, साधारण ६४ मीटर. ग्रंथ आता इथे पाहायला मिळत नाहीत. पण वर चढायच्या आधी तळाशी दक्षिण दरवाजाच्या दोन्ही बाजूंचे कोनाडे बघा. थांग काळातला सुलेखनकार छू सुइल्यांग याच्या हस्ताक्षरातले ६५३ सालचे दोन शिलालेख तिथे आहेत. लोक त्यांना पाठ लावून फोटो काढतात.

शान्शी इतिहास संग्रहालय जवळच आहे. सोमवारी बंद, आणि आगाऊ नोंदणी लागते. नोंदणी हाती नसेल तर दारात उभं राहून उपयोग नाही.

(दृश्य: मशिदीचं अंगण, मग गल्लीतला धूर आणि वाफ)

घंटामनोऱ्याजवळच्या नगारामनोऱ्यामागे हुई, म्हणजे चिनी मुसलमानांची वस्ती आहे. आतली मोठी मशीद घुमटाविना, चिनी लाकडी छपरांची आहे. एकामागून एक अंगणं ओलांडत पश्चिमेकडे जायचं, कारण मक्का तिकडे.

खाण्यासाठी मुख्य बाजाररस्त्यावर पोट भरू नका. तिथे रोषणाई जास्त आणि चव कमी. बाजूच्या गल्ल्यांत शिरा. सकाळ असेल तर साजिनछ्याओ या रस्त्यावर जा. शाकाहारी माणसाला ल्यांगपी सोयीची: गव्हाच्या सत्त्वाच्या थंड, रुंद पट्ट्या, वर काकडी, मोड, व्हिनेगर आणि तिखट तेल. ब्यांगब्यांग नूडल्स कमरेच्या पट्ट्याएवढ्या रुंद असतात. त्यावर तिखट, लसूण, कांद्याची पात ठेवून कडकडीत तेल ओततात, आपल्या वरून घातलेल्या फोडणीसारखं. नुसतं 'मांस नको' सांगितलं तर फक्त तुकडे वगळले जातात, रस्सा मात्र हाडांचाच राहतो. म्हणून 'मांस, मटणाचा रस्सा, चरबी, अंडं काहीही नको' असं चिनीत लिहवून फोनवर ठेवा. या वस्तीत डुकराचं मांस मिळत नाही, पण गोमांस सर्रास. न्यूरोउ म्हणजे गोमांस, यांगरोउ म्हणजे मटण. ज्यांना फरक पडतो त्यांनी हे दोन शब्द पाठ करावेत.

मटण खाणाऱ्यांसाठी यांगरोउ पाओमो. टेबलावर मोकळा वाडगा आणि दोन घट्ट, जाड भाकऱ्या येतात. त्या आपणच कुस्करायच्या, सोयाबीनच्या दाण्याएवढ्या बारीक. वीस-तीस मिनिटं लागतात. मोठे तुकडे ठेवले की रस्सा आत मुरत नाही आणि गाभा पिठूळ राहतो. मग वाडगा स्वयंपाकघरात जातो आणि तुमचा चुरा रश्श्यात शिजून परत येतो. रस्सा किती हवा ते आधी सांगायचं: पूर्ण आटलेला, शेवटी एक घोट उरेल इतका, किंवा कडेने तळं साचेल इतका. नवख्याने हा तिसरा प्रकार घ्यावा. ढवळायचं नाही, कडेकडेने खात जायचं. ढवळलं की गोळा होतो. सोबत गोड मुरवलेला लसूण असतो, तो चरबीवर उतारा. दोन भाकऱ्यांचा वाडगा चांगलाच जड पडतो, तेव्हा पहिल्यांदा एकच मागा आणि वेळ दुपारची ठेवा.