गामा : दगड, दूध आणि अडीच तासांची कुस्ती

मंडळी, गामा पैलवानाचं नाव निघालं की कोल्हापुरात दोन गोष्टी हमखास निघतात : बडोद्याचा दगड आणि रोजचं दूध. ‘जगात पहिला’, ‘अजिंक्य’ असं त्यांना म्हणतात; आज पाहायचंय ते एवढं नाव त्यांना शोभतं का. पण दगड आधी वाटेतून काढायला हवा.

तो बडोद्याच्या संग्रहालयात आहे. १९०२ साली गामांनी उचलला अशी नोंद त्यावर आहे, वजन सांगतात १२०० किलो. आजचे जगातले सर्वांत ताकदवान गडी हातात धरायला लोखंडी दांडा, वर मनगटाला पट्टे, एवढं असून ५०० किलोच्या आसपास थांबतात. दगडाला तर मूठही नाही. एक कड जमिनीवर टेकवून दुसरी उचलली, तरी निम्मा भार अंगावर येणार, म्हणजे ६०० किलो. हा दगड मी पुराव्यात धरत नाही.

दुधाचं निराळं. गंगावेशीत म्हशीखाली उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या गावाला लिटरांचे आकडे ऐकून घाम फुटत नाही! खरा प्रश्न मेहनतीचा. रोज ५००० बैठका आणि ३००० जोर असं सांगतात. मिनिटाला ४० बैठका धरल्या तर दोन तास पाच मिनिटं. मिनिटाला २५ जोर धरले तर आणखी दोन तास. वर लढत वेगळी. म्हणजे दिवस त्यातच गेला. पोटाची काळजी दुसऱ्यानं वाहिली तरच हे जमतं, आणि ती दतिया, पतियाळा संस्थानांनी वाहिली. राजाश्रयानं पैलवान कसा उभा राहतो, हे शाहू महाराजांच्या गावात मी काय सांगावं? त्यांनी बांधलेलं खासबागचं कुस्ती मैदान तुमच्या डोळ्यांसमोर आहे.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मुद्द्याचं भरभर सांगतो.

१० सप्टेंबर १९१०, लंडन. समोर पोलंडचा झिबिस्को, वजनानं बराच जड. गामांनी त्याला सुरुवातीलाच खाली घेतला, आणि तो उठलाच नाही. अडीच तासांहून जास्त वेळ गादीला चिकटून राहिला. वस्तादमंडळी जाणतात : खाली धरलेल्याला उताणा करायचा घिस्सा डाव मारायचा तर खालच्याचं कोपर छातीपासून सुटावं लागतं, कमरेखाली हात जायला फट लागते. कोपरं आत, गुडघे फाकलेले, पोट जमिनीला, मग ताकद असून फिरवायचं कुठून? त्यात आपल्या आखाड्यात घामावर माती चोळली की पकड बसते, गादीवर हात निसटतो. कुस्ती बरोबरीत सुटली. १७ तारखेला पुन्हा ठरली, झिबिस्को आलाच नाही, विजेत्याचा पट्टा गामांना मिळाला. ही जीत मला अपुरी वाटते. हिशेब चुकता झाला १९२८ साली पतियाळ्यात, मातीवर. दोघंही पन्नाशीला टेकलेले. मिनिटाच्या आत झिबिस्को चीत.

गॉच आणि हॅकेनश्मिट या त्या काळच्या नावाजलेल्या जगज्जेत्यांशी गामांची कुस्ती झालीच नाही, तेव्हा जगात पहिले कोण, ते पान कोरंच. पण अजिंक्य हा शब्द मी पूर्ण मान्य करतो, कारण त्यांना कुणी चीत केल्याची नोंद नाही.

रोखलं मात्र होतं. जवळपास सात फुटी रहीमबक्ष सुलतानीवाला यांनी, आणि एकदा नव्हे. त्या बरोबरीच्या कुस्त्या लपवल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं. तशा तोडीचा गडी समोर होता म्हणून तर गामांचं मोल कळतं. विलायतेहून परतल्यावर अलाहाबादेत गामांनी त्यांनाही हरवलं.