चकलीचा हिशेब

(नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्यांच्या मेळाव्यातील व्याख्यान, संपादित)

माइक राहू द्या, आवाज पोचतोय. मागच्या ताई, पुढे या. मागे बसणाऱ्यांचं कर्ज मंजूर होत नाही, असा माझा नोकरीतला अनुभव आहे. (हशा) गंमत केली हो.

मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्जाच्या टेबलावर. तिथे प्रकल्प अहवाल यायचे, जाडजूड, स्पायरल बाइंडिंग केलेले. धंदा पापडाचा असो की पंक्चरचा, तिसऱ्या वर्षी नफा दुप्पट! मी विचारायचो, हा आकडा आला कुठून? उत्तर ठरलेलं : ‘सीएसाहेबांनी टाकलाय.’ तो अहवाल बँकेच्या फाइलसाठी असतो, लागतो, करून घ्या. पण धंद्याचं खरं नियोजन एका कागदावर मावतं आणि तो कागद आपल्या हातानं लिहावा लागतो.

समजा, एक ताई चकली करते. भाजणी, तेल, गॅस धरून किलोला १९० रुपये खर्च. भाव ३२०. ती म्हणते, किलोमागे १३० सुटतात. बघू या. पाकीट आणि लेबल १४ रुपये. दुकानदाराचे २० टक्के म्हणजे ६४. उरले ५२. दिवसाला सहा किलो होतात, म्हणजे ३१२ रुपये. आणि चुलीपुढे कोण बसलंय? ती आणि तिची जाऊ. दोघींत वाटले तर प्रत्येकी १५६. शेजारच्या शेतात खुरपायला गेल्या असत्या तरी याहून जास्त मिळाले असते. आपल्याकडे घरच्या माणसाची मजुरी कोणी धरतच नाही, आणि ती बहुतेक वेळा बाईची असते. धंदा चाललाय असं वाटत राहतं, कारण तिचं अंग फुकट वापरलं जातंय.

आता दुसरी गोष्ट. दुकानदार पैसे महिन्यानं देतो. किलोला रोख बाहेर जातात १९० आणि पाकिटाचे १४, म्हणजे २०४, सहा किलो, तीस दिवस : ३६,७२० रुपये. पहिला पैसा हातात यायच्या आधी एवढी रक्कम उधारीत अडकते. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. ताईनं त्यातल्या ४५ हजारांचं मशीन घेतलं. मशीन चकाचक, पूजा झाली, आणि दहाव्या दिवशी तेलाला पैसे नाहीत! असे किती धंदे मी बंद पडताना पाहिले. खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवायचा पैसा संपला, एवढंच कारण. मशीनसाठी कोटेशन मिळतं, उधारीसाठी मिळत नाही, म्हणून ती अहवालात दिसतच नाही.

उधारी वेळेत मिळावी म्हणून कायदा आहे. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानं खरेदीदाराला पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांचीच. ‘उद्यम’ ही सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी करा, मोठ्या कंपनीला माल देणार असाल तर नक्की करा. पण कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला कायदा दाखवलात तर तो चकली ठेवायचं बंद करेल. तिथे थोडा माल, रोख पैसे, हेच बरं.

लिज्जत पापडाची गोष्ट सांगताना लोक ८० रुपयांच्या उसनवारीवर थांबतात. १९५९ साली गिरगावात सात जणींनी सुरुवात केली, ते खरंच आहे. मला त्यातली दुसरी बाब मोठी वाटते : पीठ घरी न्यायचं, पापड लाटून आणायचे, त्याची मजुरी घ्यायची. बाईचं काम पहिल्यापासून हिशेबात धरलेलं.

आता प्रशिक्षण. मी हिशेबावर जीव टाकणारा माणूस, त्यामुळे एक अभ्यास वाचून जरा टोचलंच. आफ्रिकेत टोगो देशात, लोमे शहरात, १,५०० छोट्या व्यावसायिकांवर प्रयोग झाला. एका गटाला नेहमीचं शिक्षण : हिशेब, मार्केटिंग वगैरे. दुसऱ्याला पुढाकार घ्यायला शिकवलं : अडचण येण्याआधी ओळखा, शेजाऱ्यापेक्षा वेगळं काय देता येईल ते शोधा, हरलात तर पुन्हा मांडा. तिसऱ्याला काहीच नाही. दुसऱ्या गटाचा नफा सुमारे ३० टक्के वाढला. पहिल्या गटाची वाढ खात्रीनं सांगावी इतकी नव्हती. डॉमिनिकन रिपब्लिकमध्येही असंच दिसलं : पुस्तकी जमाखर्चापेक्षा ‘घरचे पैसे वेगळे, धंद्याचे वेगळे’ असे साधे नियम जास्त उपयोगी पडले.

म्हणून प्रमाणपत्रासाठी वर्गात बसू नका. आरसेटी, म्हणजे बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण केंद्रांचं प्रशिक्षण मोफत असतं. त्या केंद्रांचं मूळ कर्नाटकात उजिरे गावी, १९८२ मधलं. तिथे शिकल्यावर पुढे दोन वर्षं पाठपुरावा करायची पद्धत आहे, आणि आपली माणसं नेमका तोच भाग सोडतात! शिबिर संपलं की फोन उचलत नाहीत. धंद्यातला पहिला खरा प्रश्न तर शिबिरानंतर तिसऱ्या महिन्यात पडतो. तेव्हा जाऊन डोकं खा त्यांचं.

चहा यायला वेळ आहे. वह्या काढा. वर आपल्या मालाचं नाव, खाली एका किलोचा किंवा एका नगाचा खर्च. गॅस विसरू नका. आणि ताई, स्वतःची मजुरी सगळ्यात आधी लिहा, शेवटी नको, शेवटी जागा उरत नाही.