बदकाच्या पोटातलं बी

गोंदिया जिल्ह्यात कुणी शेतात नवी बोडी, म्हणजे छोटं तळं, खोदली, की पहिल्या पावसाळ्यात तिच्यात गढूळ पाण्याखेरीज काही नसतं. काही वर्षांत मात्र काठाला लव्हाळा उगवतो, पाण्याखाली हिरवं जाळं दिसायला लागतं. हे पेरलं कुणी?

बोट दाखवलं जातं ते हिवाळी पाहुण्यांकडे. तलवार बदक, थापट्या असे पक्षी थेट उत्तरेकडून नवेगावबांधसारख्या तलावांवर उतरतात. ते पाणवनस्पतींचं बी खातात. पोटातल्या खड्यांच्या जात्यात बरंचसं भरडलं जातं. बारीक, टणक कवचाचं थोडं बी विष्ठेतून साबूत सुटतं आणि रुजतंही.

पण किती लांब? बी पोटात राहतं ते बहुधा काही तास. दिवसभराहून जास्त टिकणारं फारच थोडं. म्हणजे सैबेरियात गिळलेलं बी एका दमात गोंदियात पडणं जवळजवळ अशक्यच. तरी दूरचा प्रवास होतो. कॅनरी बेटांजवळ ससाण्यांनी समुद्रावर पकडलेले स्थलांतरी पक्षी तपासले, तेव्हा शंभरात एखाद्याच्या पोटात बिया निघाल्या. एक टक्का कमी वाटतो, पण दरवर्षी लाखो पक्षी उडतात.

आपल्याकडचा खरा खेळ मात्र जवळचा आहे. बदकं दिवसा तलावावर विसावतात, रात्री धानाच्या बांध्यांत चरतात. इथे कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी, म्हणजे जमीनदारांच्या काळातले जुने, तलाव एकमेकांपासून फार लांब नाहीत. पाच-दहा किलोमीटर म्हणजे बदकाला काहीच नाही. पायाला चिकटलेला चिखलही पुरतो. चार्ल्स डार्विनने एका तळ्यातला तीन मोठे चमचे चिखल सहा महिने झाकून ठेवला होता. त्यातून ५३७ रोपं उगवली, असं त्याने १८५९ साली लिहिलं.

सगळंच श्रेय पक्ष्यांना देऊ नका. काटेरी, जड शिंगाडा तलावात लावतात मासेमारी करणारे ढीवर बांधव. जलकुंभी दक्षिण अमेरिकेतून आली ती माणसाच्या हौसेपायी. आणि हायड्रिला ही पाण्याखालची वनस्पती तर तुटलेल्या कांडीपासूनही वाढते. एका तलावातलं मासेमारीचं ओलं जाळं दुसऱ्यात टाकलं, तरी तिचं काम होतं. तेव्हा बोडीतली हायड्रिला बदकाने आणली की जाळ्याने, हे नुसतं काठावरून पाहून सांगता येत नाही.