हेच लिहू का?

नमस्कार मंडळी. सप्टेंबर आला की आपल्याकडे सोसायट्यांच्या एजीएमचा सीझन सुरू होतो. आर्थिक वर्ष संपतं 31 मार्चला आणि सहकार कायद्याप्रमाणे 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते, मग काय, सगळ्यांची सभा शेवटच्या दोन रविवारी, आणि वर्षभर लिफ्टमध्ये तोंड फिरवून उभे राहिलेले लोक त्या एका संध्याकाळी बोलायला लागतात. चौदा दिवस आधी नोटीस, वीस जण किंवा दोन तृतीयांश सभासद यातला जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी म्हणजे कोरम, नाही भरला तर अर्धा तास थांबायचं, हे तुम्हाला पाठ आहे. मला बोलायचंय ते कोरम भरल्यानंतर जे होतं त्याबद्दल. म्हणजे भांडणाबद्दल.

एकच सांगते, आणि पुन्हा पण सांगणारे. सभेत आरोप झाला तर त्याचा प्रश्न करून घ्यायचा. पण धमकी आली तर सभा थांबवायची. आरोपाचा प्रश्न, धमकीला ब्रेक. या दोन्हींची गल्लत झाली की सभा हातातून गेलीच म्हणून समजा.

आता किस्सा ऐका, तो सांगायलाच मी आलेय. ठाण्याच्या बाजूची एक जुनी सोसायटी, माझी मावसबहीण राहते तिथे, मी सहज गेले होते तर म्हणाली चल खाली, करमणूक आहे. पाऊस धो धो, त्यामुळे गच्चीवरची सभा स्टिल्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये आणलेली, स्कूटर सरकवून लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. विषय गळतीचा. दुसऱ्या मजल्यावरचे काका आले ते थेट टेबलाशी आणि कॅरीबॅग उलटी केली, तर त्यातून प्लास्टरचा हा एवढा ढलपा, खाली ओलसर, वर काळी बुरशी. म्हणाले, हे माझ्या ताटात पडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उठल्या, आमचं बाथरूम ठणठणीत आहे, मागच्याच वर्षी टाइल्स घातल्यात. चेअरमन आपले शांतता राखा शांतता राखा करतायत, त्यांचं कोण ऐकतंय. आणि मग काका ओरडले, सगळी कमिटी पैसे खाते!

तिथल्या सेक्रेटरी बाई पूर्वी कोर्टात स्टेनो होत्या. इतका वेळ मान खाली घालून प्रोसिडिंग बुकात लिहित होत्या. त्यांनी चष्मा वर केला आणि अगदी सपाट आवाजात वाचलं, "फ्लॅट नंबर अमुकचे सभासद म्हणाले की कमिटी पैसे खाते. काका, हेच लिहू का? किती खाल्ले आणि कुठल्या महिन्यात तेपण सांगा, खाली तुमची सही घेते."

काका गप्प. मग म्हणाले, अहो तसं नाही, प्लंबरला दोनदा पैसे दिले ते बिल कुठाय, एवढंच विचारतोय मी. बाई म्हणाल्या, मग असं लिहू? लिहा. आणि खजिनदारांनी फाइल काढून बिल दाखवलं, त्यातलं एक खरंच सापडेना, ते आठ दिवसांत दाखवायचं असं तिथेच लिहिलं गेलं. बघा, आरोप होता तोवर नुसता आरडाओरडा, त्याचा प्रश्न झाला आणि उत्तर आलं.

पण पुढे वहिनींचे मिस्टर उठले, खुर्ची लाथेने बाजूला सारली, आणि काकांना म्हणाले, गेटबाहेर ये, बघतो तुला. मला वाटलं बाई आता परत हेच लिहू का विचारणार. नाही विचारलं. त्यांनी वही मिटली. "चेअरमनसाहेब, सभा दहा मिनिटं तहकूब करा." मुलांना वर पाठवलं, दोघा थोराड शेजाऱ्यांनी मिस्टरांना वॉचमनच्या केबिनपाशी नेलं, काकांना दुसऱ्या टोकाला पाणी दिलं. कुणी म्हणालं नाही की सोडा हो रागात बोलतात माणसं. परत सुरू झाल्यावर पहिली ओळ बाईंनी हीच लिहिली की धमकी दिली गेली म्हणून सभा थांबवली, आणि मिस्टर शब्द मागे घेईपर्यंत गळतीचा विषय घेतला नाही.

गळतीचं काय झालं? रविवारी वरच्या बाथरूमच्या पाणी जायच्या तोंडाला बोळा लावून रंगाचं पाणी साठवून ठेवलं. खाली थेंब नाही! मग बाहेरून बघितलं तर कॉमन पाइपच्या जॉइंटमध्ये पिंपळ उगवलेला. आणि उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, बाहेरच्या कॉमन लाइनची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घरातल्या संडास-सिंकची ज्याची त्याने. म्हणजे इतका वेळ दोघं भांडले ते तिसऱ्याच्याच खर्चावरून.

जाता जाता, सभेचा खाऊ शेवटी द्या हो. आधी वाटला की मागचे तेवढं खाऊन पळतात. आणि सामोसे कशाला, बटाटेवडा काय वाईट आहे? महाराष्ट्रातली सहकारी संस्था आणि पुड्यात सामोसा, मला पटत नाही ते नाहीच.

असो. तर पुन्हा सांगते, आरोपाचा प्रश्न करायचा, धमकी आली की सभा थांबवायची. वाटलं तर सभा दुसऱ्या दिवशी घ्या, काही बिघडत नाही. हात उचलला गेला तर 112 लावून पोलिसांना बोलवायचं, सोसायटीची अब्रू जाईल म्हणून थांबायचं नाही. आणि सभा संपल्यावर जिना विसरू नका. खरी दमदाटी बहुतेक वेळा तिथे होते, लाइट गेलेल्या लँडिंगवर, एकटी बाई किंवा एखादे आजोबा गाठून. ज्याच्यावर कुणी धावून गेलं होतं त्याच्याबरोबर दारापर्यंत कुणीतरी जायचं, आणि कोण जाणार ते चेअरमननी खुर्च्या उचलायच्या आधीच ठरवायचं. पुढच्या वेळी पार्किंगवर बोलू, त्याला मात्र एक भाग पुरणार नाही. नमस्कार.