पंप सुरू झाला की दिवा मंद का होतो?

मुलांनो, मी तुमच्याएवढा असताना आमच्या घरात १०० वॉटचा एकच पिवळा बल्ब होता. त्याच्याखाली बसून अभ्यास करायचो. शेजारच्या मळ्यात विहिरीवरची मोटर सुरू झाली की तो एकदम मलूल व्हायचा. आजी म्हणायची, “मोटरीनं करंट खाल्ला.” मोटर बंद झाली की दिवा पुन्हा पहिल्यासारखा.

हे कुणी कुणी पाहिलंय? बरेच हात वर आले. आज मला फक्त हा एक दिवा तुमच्यासोबत समजून घ्यायचा आहे. रोध, ओहमचा नियम, एकसर जोडणी, समांतर जोडणी हे सगळं त्या दिव्यापाशीच भेटेल.

आधी आजीचं वाक्य तपासू. करंट कुणी खातं का? या टेबलावर दोन सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि दोन ॲमीटर, म्हणजे धारा मोजणारी यंत्रं, एकसर जोडलेत, म्हणजे एकामागे एक. एक ॲमीटर बल्बच्या अलीकडे, एक पलीकडे. वाचा बरं. दोन्हीकडे तोच आकडा. म्हणजे बल्बमध्ये जितका विद्युत प्रभार आत गेला तितकाच बाहेर आला. विद्युतधारा, म्हणजेच करंट, खर्च होत नाही, खर्च होते ती ऊर्जा. हा फरक नीट कळला नाही की पुढची सगळी गणितं पाठ करावी लागतात. म्हणून हे ॲमीटर मी पुन्हा अदलाबदल करून दाखवतो. अलीकडचा पलीकडे, पलीकडचा अलीकडे. बघा, आकडा तोच.

मग दिवा मंद का झाला? इथे रोध येतो. कोणत्याही तारेतून प्रभार वाहताना त्याला अडथळा होतो, तोच रोध. तार जितकी लांब तितका अडथळा जास्त, जितकी जाड तितका कमी. पदार्थावरही ते अवलंबून असतं. तांब्याची आणि नायक्रोम या मिश्रधातूची सारख्याच लांबी-जाडीची तार घेतली, तर नायक्रोमचा रोध तांब्याच्या साधारण साठपटीहून जास्त भरतो. म्हणून शेगडीची कॉइल नायक्रोमची आणि तिच्यापर्यंत येणारी वायर तांब्याची. दोन्हींतून धारा एकच जाते, पण लाल होते फक्त कॉइल.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या शेतात ठिबक असेल. नळी फार लांब असली तर शेवटच्या झाडापाशी पाण्याचा दाब कमी पडतो, हे तुमच्या वडिलांना विचारा. तारेच्या शेवटी विभवांतर, म्हणजे व्होल्टमध्ये मोजतात तो विजेचा दाब, कमी पडतो तो असाच. पण या उपमेला एक मर्यादा आहे. ठिबकचं पाणी झाडाला मिळतं, ते परत येत नाही. परिपथातला, म्हणजे विजेच्या पूर्ण वाटेतला, प्रभार मात्र परत येतो. म्हणून दाबाशी तुलना जरूर करा, पाणी संपण्याशी करू नका.

आता थोडं दोनशे वर्षं मागे जाऊ. जर्मनीत कोलोन शहरातल्या एका शाळेत गेओर्ग ओहम नावाचे शिक्षक होते. वडील कुलूप बनवणारे कारागीर. ओहम स्वतः हातानं उपकरणं घडवायचे. तारेच्या लांबीनुसार धारा किती कमी होते हे त्यांना मोजायचं होतं. अडचण अशी की त्या काळच्या बॅटऱ्या भरवशाच्या नव्हत्या. मोजता मोजताच त्यांचा जोर उतरायचा. मग त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली आणि तांबं व बिस्मथ या दोन धातूंचा सांधा वापरला. अशा जोडीचा एक सांधा गरम आणि एक थंड ठेवला की धारा वाहते, हे १८२१ साली झेबेक या शास्त्रज्ञांना आढळलं होतं. ओहमनी एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर तापमान हलत नाही, त्यामुळे जोरही हलत नाही. मला हा प्रयोग फार आवडतो. निव्वळ पाणी आणि बर्फ वापरून त्या माणसानं स्थिर विभवांतर मिळवलं!

मग त्यांनी तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सर्वांत छोटी २ इंचांची, सर्वांत लांब १३० इंचांची. एकेक तार जोडून, टांगलेली चुंबकसूची किती वळते ते मोजलं. १८२६ साली त्यांनी जे सूत्र मांडलं ते तुमच्या पुस्तकातल्यासारखं दिसत नाही. ते शब्दांत असं आहे: धारा म्हणजे सांध्याचा जोर भागिले, तारेची लांबी अधिक आणखी एक ठरावीक संख्या. ही आणखी एक संख्या कुठून आली? ती उरलेल्या परिपथाच्या रोधाची. म्हणजे तुम्ही तपासत असलेली तार एकटी कधीच नसते. तिच्यामागे सगळा परिपथ उभा असतो आणि त्याचाही रोध गणितात धरावा लागतो. पुस्तकात आपण ओहमचा नियम म्हणून ‘धारा म्हणजे विभवांतर भागिले रोध’ असं छोटं सूत्र शिकतो आणि ती बेरीज विसरतो. माझ्या घरच्या दिव्याचं उत्तर नेमकं त्या बेरजेत होतं.

आता फळ्यावर या. आमचं घर डीपीपासून, म्हणजे गावातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासून, साडेतीनशे मीटरवर समजा. तार ॲल्युमिनियमची, छेद २० चौरस मिलिमीटर. जायची आणि यायची मिळून ७०० मीटर तार. ॲल्युमिनियमची रोधकता, म्हणजे त्या पदार्थाचा अडथळा सांगणारा आकडा, २.८ गुणिले १० चा उणे आठवा घात ओहम-मीटर. करा गणित. बरोबर, जवळजवळ १ ओहम. हा १ ओहम आमचा आणि शेजाऱ्याचा सामाईक आहे. दोघांची धारा त्याच तारेतून येते.

डीपीपाशी २३० व्होल्ट. १०० वॉटच्या बल्बचा पेटलेल्या अवस्थेतला रोध २३० चा वर्ग भागिले १००, म्हणजे ५२९ ओहम. एकटा बल्ब लागला तर धारा ०.४३ ॲम्पिअर. तारेत वाया गेलं अर्ध्या व्होल्टपेक्षाही कमी. बल्ब मजेत.

आता शेजाऱ्यानं मोटर लावली. मोटरीचं गणित जरा वेगळं असतं, म्हणून तिच्या जागी २००० वॉटची शेगडी धरू. तिचा रोध २६.४५ ओहम. ती बल्बाला समांतर जोडलेली आहे. समांतर जोडणीत वाट वाढली की एकूण रोध कमी होतो. बल्ब आणि शेगडी मिळून २५.२ ओहम. त्यात तारेचा १ ओहम एकसर मिळवा, २६.२ झाले. धारा २३० भागिले २६.२, म्हणजे सुमारे ८.८ ॲम्पिअर. ही सगळी धारा सामाईक तारेतून जाते. १ ओहमच्या तारेत ८.८ व्होल्ट संपले. बल्बाच्या वाट्याला उरले २२१.

व्होल्ट चारच टक्के कमी झाले, पण शक्ती विभवांतराच्या वर्गानुसार बदलते, म्हणून ती सुमारे सात टक्क्यांनी घटली. शिवाय बल्बातली तार थोडी थंड पडल्यामुळे प्रकाश त्याहून जास्त घटतो. डोळ्याला ते लगेच जाणवतं. मळ्यात एकाऐवजी चार मोटरी लागल्या तर काय होईल ते तुम्ही घरी काढा. मोटरीनं करंट खाल्ला नव्हता. तिच्यामुळे सामाईक तारेतली धारा वाढली आणि आमचे व्होल्ट वाटेतच उतरले.

हो, विचार. छान प्रश्न आहे. ही मुलगी म्हणते, बाबांच्या मल्टिमीटरनं तिनं १०० वॉटचा बल्ब, होल्डरमधून काढलेला, मोजला तेव्हा ५२९ नव्हे, ४० ओहमच्या आसपास आकडा आला. तू अगदी बरोबर मोजलंस. मल्टिमीटर थंड बल्ब मोजतो. पेटल्यावर टंगस्टनची तार २५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि तिचा रोध सुमारे तेरा पट होतो. म्हणून बल्बसाठी रोध हा एकच कायमचा आकडा नसतो, कोणत्या तापमानाला ते सांगावं लागतं. नायक्रोमचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही. ओहमचा नियम सांगताना तापमान स्थिर असावं ही अट घालतात ती याचसाठी. परीक्षेत ती अट लिहायला विसरतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

आता प्रयोग. घरच्या प्लगला हात लावायचा नाही, हे मी पहिलं आणि कडकपणे सांगतो. दोन सेल, टॉर्चचे दोन बल्ब आणि पेन्सिलीतलं शिसं एवढंच लागतं. शिसं म्हणतो आपण, असतं ते ग्रॅफाइट आणि माती. त्याचा दोन सेंटीमीटरचा तुकडा सेलच्या एका टोकाला जोडा, ही आपली डीपीपासूनची लांब तार. पुढे पहिला बल्ब लावा. मग दुसरा बल्ब पहिल्याला समांतर जोडा आणि पहिल्याकडे बघत राहा. नंतर शिसं काढून तिथे साधी तांब्याची वायर लावा आणि पुन्हा बघा. सेल नवे असू द्या. जुन्या सेलच्या आतही रोध वाढलेला असतो, त्यामुळे शिसं काढलं तरी दिवा मंद होईल आणि तुम्ही गोंधळाल.

घरी एलईडी असेल तर अनेकदा हे दिसणार नाही, कारण त्याच्या आतला ड्रायव्हर व्होल्टेजमधला छोटा फरक सांभाळून घेतो. फॅन मात्र मंद झालेला कळेल.

शेवटी तो मागे बसलेला मुलगा विचारतोय, मग यावर इलाज काय? तार जाड केली तर रोध घटेल, पण ॲल्युमिनियम महाग पडेल. दुसरा मार्ग म्हणजे ११,००० व्होल्टची लाइन विहिरीपर्यंत नेऊन तिथेच छोटा ट्रान्सफॉर्मर बसवणं. आपल्याकडे शेतीपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली म्हणतात ती हीच. २००० वॉट ११,००० व्होल्टवर न्यायला धारा लागते फक्त ०.१८ ॲम्पिअर. आपल्या त्याच १ ओहमच्या तारेत मग किती व्होल्ट उतरतील? सांगा. ०.१८. चला, पहिल्या बाकावरचे दोघं पुढे या, शिसं जपून धरा, ते लगेच मोडतं.