केळीच्या मुलखात केळे वर्ज्य

तापीच्या काठाने रावेर आणि यावल तालुक्यांत पसरलेल्या या केळीच्या बागा. येथील ज्या शेतकऱ्याची मूत्रपिंडे निकामी होतात, त्याला मिळणाऱ्या पथ्याच्या यादीत केळेच वर्ज्य असते. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. निरोगी मूत्रपिंड ते लघवीवाटे सहज बाहेर टाकते, पण तेच रक्तात साठले तर हृदयाची लय बिघडू शकते. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, आणि लघवी जवळजवळ थांबलेल्या माणसाला त्या उन्हाळ्यातही दिवसभर लिटरभर पाण्यावर भागवावे लागते. ही तहान रक्ताच्या कोणत्याही अहवालात उमटत नाही.

मग संशोधक नेमके काय मोजतात? ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील ८२८ रुग्णांवर झालेल्या ‘आयडियल’ या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. डायलिसिस लवकर सुरू केल्यास रुग्ण अधिक जगतो का, हा तिचा प्रश्न होता, आणि लवकर व उशिरा सुरू करायच्या दोन्ही गटांच्या जगण्यात फरक आढळला नाही. मात्र उशिराच्या गटातील बहुसंख्य रुग्णांना त्रास होऊ लागल्याने ठरल्यापेक्षा आधीच डायलिसिस सुरू करावे लागले. तरीही दोन्ही गटांच्या सुरुवातीत सुमारे साडेपाच महिन्यांचे अंतर राहिले. ज्याला आठवड्यातून तीनदा, दर खेपेस चार तास यंत्राला जोडून घ्यायचे आहे आणि त्यासाठी गावाहून एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे आहे, त्याच्या हिशेबात हे पाच महिने म्हणजे एक अख्खा खरीप हंगाम असतो.

२०१६ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना ही सेवा मोफत देण्याची सोय झाली. सोबत येणाऱ्या मुलाची बुडणारी मजुरी मात्र त्या हिशेबात धरलेली नसते.

डायलिसिसच्या खुर्चीपर्यंतची वाट लांबवता येते, हे २०२० च्या ‘डापा-सीकेडी’ चाचणीने दाखवले. भारतासह २१ देशांतील ४,३०४ रुग्ण तिच्यात होते. सुमारे अडीच वर्षांत मूत्रपिंडाचे काम निम्म्याने घटणे, ते निकामी होणे, किंवा मूत्रपिंड वा हृदयाच्या विकाराने मृत्यू येणे, यांपैकी काही ना काही नेहमीच्या उपचारांवरील शंभरांपैकी चौदा-पंधरा रुग्णांच्या वाट्याला आले; त्याच उपचारांना डापाग्लिफ्लोझिन या मूळच्या मधुमेहावरील गोळीची जोड मिळालेल्यांत हे प्रमाण नऊ होते. फायदा इतका ठळक होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. त्याच वर्षी या औषधाचे मूळ पेटंट भारतात संपले आणि स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. पण लघवीतून प्रथिने जात आहेत, हे कळल्याखेरीज ही गोळी कोणाला द्यावी हे ठरत नाही. ती तपासणी मधुमेहाच्या रुग्णालाही अनेकदा पायावर सूज आल्यावरच सांगितली जाते, आणि माझ्या मते खरे नुकसान येथेच होते.

डायलिसिसवरील लोकांना काय महत्त्वाचे वाटते, हे त्यांनाच विचारणारा ‘साँग’ हा आंतरराष्ट्रीय उपक्रमही चालू आहे. त्यात डॉक्टरांनी मृत्यू आणि रुग्णालयातील भरतीला अधिक वजन दिले. रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी प्रवास करता येणे, डायलिसिसविना मिळणारा वेळ आणि डायलिसिसनंतर येणारे गळाठलेपण यांना डॉक्टरांपेक्षा वरचे स्थान दिले. खानदेशी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ज्याची लेक सुरतेला दिली आहे, त्याला तिच्या घरच्या लग्नाला जायचे म्हटले तरी दोन डायलिसिसमधल्या दिवसांतच जाऊन परतावे लागते.

या उपक्रमाने प्रत्येक चाचणीत मोजायच्या बाबींमध्ये मृत्यू, हृदयविकार आणि फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी हातात जोडून केलेली रक्तवाहिनी) यांच्या जोडीला थकव्यालाही स्थान दिले, आणि तो मोजण्यासाठी तीनच साधे प्रश्न ठेवले. थकल्यासारखे वाटते का? अंगात त्राण नसते का? त्यामुळे नेहमीची कामे अडतात का? दुपारी हातावर पट्टी बांधून एसटीच्या खिडकीशी डोके टेकलेल्या माणसाला हे प्रश्न विचारायचे, तर ते यंत्रावरून उठल्यावर विचारायचे की दुसऱ्या दिवशी सकाळी, यावरही उत्तर बदलेल.